बंदराइतकीच घाटवाटही महत्त्वाची

अक्सुम या आजच्या इथिओपिया-एरिट्रियातल्या प्राचीन राज्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात अक्सुमच्या वैभवाचं जवळपास सगळं श्रेय तांबड्या समुद्रावरच्या अदुलिस बंदराला दिलंय, ते पटलं नाही. बंदरात माल यायचा तो डोंगर उतरून. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी व्यापार-मार्गदर्शिकेत अदुलिस ते कोलोए हे आतलं गाव 3 दिवस आणि पुढे राजधानी अक्सुम 5 दिवस असा हिशेब आहे. नाईलपलीकडचं हस्तिदंत आधी अक्सुमला गोळा होई. ही वाट राजाच्या हातात, म्हणून राज्य मोठं झालं.

सोन्याचा व्यापार तर वाचण्यासारखा. सहाव्या शतकातला ग्रीक व्यापारी-प्रवासी कॉस्मस सांगतो, अक्सुमचे व्यापारी दक्षिणेकडे जाऊन काटेरी कुंपण घालत, बैल कापून मांसाचे तुकडे, मीठ आणि लोखंड त्यावर मांडत. तिथले लोक हव्या त्या वस्तूवर सोन्याचे वाटाण्याएवढे खडे ठेवून मागे सरत. व्यापाऱ्याला पटलं तर तो सोनं उचले, नाहीतर समोरचा भर घाली. भाषा येत नसतानाचा हा सौदा, मला फार भावतो!

आणि हो, त्याच ‘पेरिप्लस’मध्ये आपलं कल्याण, पैठण, तेरही आहे. भारतातलं लोखंड, पोलाद, सुती कापड अदुलिसला उतरायचं. यावर स्वतंत्र लेख जरूर लिहा.