‘पाच वर्षं फुकटचा पगार’ : लॅबमधून उत्तर

शाळेच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा आला. विद्यापीठातल्या मॉलिक्युलर बायोलॉजीच्या लॅबमध्ये पीएचडीची पोरं पाच वर्षं महिना लाखभर पगार खातात, सणवार सुट्टी घेतात, काम मशीन करतं, शोध लावतात ते सर, आणि जगाला उपयोग शून्य. शेवटी विनोद : ‘तिथे खरं काम फक्त शिपाई करतो.’ अशाच एका लॅबमध्ये मी सहा वर्षं काढली, त्यामुळे गप्प बसवेना.

आधी पैसा. नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप देणारी राष्ट्रीय परीक्षा, काढलेल्याला १ जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. त्याआधी ३१,००० होते. दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलो, झाल्यावर ४२,०००. लाख कुठून आले, देव जाणे. शिवाय ही पगारासारखी एक तारखेला येणारी रक्कम नाही. माझी फेलोशिप एकदा सात महिने अडकली होती. मेसवाल्या काकूंनी सांभाळून घेतलं.

‘मशीन करतं’ हे वाचून मात्र हसू आलं. पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या लाखो प्रती काढणं. त्याचं मशीन काय करतं? नळ्या तापवतं आणि थंड करतं, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या तापमानाला. नळीत काय घालायचं, प्राइमर (प्रत कुठून सुरू व्हायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) कुठे चिकटायला हवेत, नाही चिकटले तर तापमान दोन अंशांनी खाली आणायचं की मॅग्नेशियम वाढवायचं, हे त्याला कळत नाही. आणि सगळं जमल्यावर जेलवर बघावं, तर ज्या नळीत डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलं होतं, तिच्यातही झकास बँड, म्हणजे डीएनएचा पट्टा! म्हणजे कुठेतरी भेसळ झाली. मग पाणी नवं, बफर नवं, टिप्स नव्या, पिपेट पुसून घ्यायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून. माझे असे तीन आठवडे गेले. दोषी निघाली प्राइमरची एक बाटली. ‘पाच वर्षं कशाला लागतात’ याचंही उत्तर यातच आलं.

सुट्ट्यांचं म्हणाल तर ई. कोलाय या लॅबमधल्या जिवाणूला दिवाळी कळत नाही. संध्याकाळी वाढायला टाकलेलं जिवाणूंचं कल्चर पहाटे तयार होतं, तेव्हा कुणीतरी हजर लागतं. बर्कलीत कॅरल ग्रायडर या विद्यार्थिनीला टेलोमरेजचा, म्हणजे गुणसूत्रांची टोकं राखणाऱ्या एन्झाइमचा, पहिला पुरावा दिसला तो १९८४च्या नाताळच्या दिवशी, लॅबमध्ये.

तिला २००९मध्ये नोबेल मिळालं, तिच्या गाइड एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जॅक शोस्टाक यांच्यासोबत. म्हणजे ‘शोध सरांचेच’ हेही गेलं. डीएनएची रचना उलगडायला मदत करणारा तो प्रसिद्ध क्ष-किरण ‘फोटो ५१’ १९५२ साली रोझलिंड फ्रँकलिनच्या हाताखाली काढला रेमंड गॉसलिंगने. तो तेव्हा पीएचडी करत होता.

राहता राहिला उपयोग. १९६०च्या दशकात टॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ हा पदवीचा विद्यार्थी अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांतले जिवाणू वाढवत होते. गरम पाण्यातल्या जंतूंचं काय लोणचं घालायचंय, असं तेव्हाही कुणी विचारलं असेलच. त्यातल्याच एका जिवाणूच्या, थर्मस अ‍ॅक्वाटिकसच्या, उष्णतेत टिकणाऱ्या एन्झाइममुळे पुढे पीसीआर सोपी झाली. २०२०मध्ये नाकात काडी घालून केलेली कोविडची आरटी-पीसीआर तपासणी त्याच तंत्रावर उभी होती.

टाकाऊ प्रबंध निघतात, हे मी नाकारत नाही. एक-दोन मीही वाचलेत.

आणि तो शिपायाचा विनोद? त्यातला ‘फक्त’ हा शब्द तेवढा मी काढेन. आमच्या लॅबचे शिपाई, मामा, ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे निर्जंतुक करणाऱ्या मोठ्या कुकरच्या, शिट्टीच्या आवाजावरून सांगायचे, की रबर गेलंय, आज मीडिया (जिवाणूंचं खाद्य) लावू नका. एकदा मी ऐकलं नाही. दोन दिवसांनी सगळ्या प्लेट्सवर बुरशी. मामा काही बोलले नाहीत, नवं रबर आणून बसवलं आणि माझ्या प्लेट्स धुवायला घेतल्या.