केमाल पाशाने उघडलेले कार्यालय

मुस्लिम समाजातील सुधारणांवर आपल्याकडे चर्चा सुरू झाली की थोड्याच वेळात कोणीतरी आधुनिक तुर्कस्तान घडवणाऱ्या केमाल पाशाचे नाव काढतो आणि ‘असा एक खमका माणूस हवा’ या वाक्यावर चर्चा आटोपते. तरुणपणी मीही हे वाक्य मोठ्या विश्वासाने म्हटले आहे. आज ते म्हणवत नाही. केमालबद्दलचा आदर कमी झाला आहे असे नाही, पण त्याने उघडलेल्या एका कार्यालयाचा पुढचा शंभर वर्षांचा प्रवास वाचल्यापासून त्या वाक्यावरचा विश्वास उडाला आहे.

३ मार्च १९२४ रोजी अंकाराच्या संसदेने खिलाफत रद्द केली आणि शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांना रातोरात राजवाड्यातून काढून रेल्वेने देशाबाहेर धाडले. आपल्याकडच्या खिलाफत चळवळीचा आधारच त्या रात्री गेला, त्यामुळे ही घटना आपल्याला ठाऊक असते. त्याच दिवशी त्याच संसदेने ‘दियानेत’ नावाचे सरकारी धर्मखाते स्थापन केले, ते मात्र फारसे कोणाच्या लक्षात राहिलेले नाही. आज तुर्कस्तानातल्या मशिदींचे इमाम हे या खात्याचे पगारी नोकर आहेत आणि शुक्रवारच्या खुतब्याचा, म्हणजे नमाजच्या वेळच्या प्रवचनाचा, मजकूर अंकाराहून ठरतो. तुर्कांच्या ‘लाइकलिक’ या शब्दाचे आपण सरसकट ‘धर्मनिरपेक्षता’ असे भाषांतर करतो आणि तिथेच फसतो. केमालने धर्म आणि राज्य यांची फारकत केली नाही. त्याने धर्म राज्याच्या ताब्यात घेतला. त्या वेळी त्याला दुसरा मार्ग होता का, हा प्रश्न रास्त आहे. पुढच्याच वर्षी, १९२५ मध्ये, शेख सईद या कुर्दी धर्मगुरूचे बंड झाले, तेव्हा प्रजासत्ताक जेमतेम दीड वर्षाचे होते, आणि धर्मसंस्था मोकळी सोडली तर ती उलटेल ही भीती काल्पनिक नव्हती. पण ताब्यात घेतलेली वस्तू पुढे ज्याच्या हाती सत्ता येईल त्याच्या हाती जाते, एवढे साधे व्यवहारज्ञान त्या आखणीत राहून गेले.

त्याच्या सुधारणांपैकी काय टिकले आणि काय वाहून गेले, हे पाहण्यासारखे आहे. १९३२ पासून अजान अरबीऐवजी तुर्कीत देण्याची सक्ती झाली आणि १९४१ मध्ये अरबी अजान हा शिक्षापात्र गुन्हा ठरला. मे १९५० च्या निवडणुकीत विरोधी पक्ष जिंकला आणि सुमारे महिन्याभरात, १६ जूनला, संसदेने ती बंदी उठवली. उलट स्विस कायद्यावर बेतलेल्या १९२६ च्या नागरी कायद्याचा गाभा आजवर कोणत्याही सरकारला मोडून काढता आलेला नाही. बहुपत्नीत्वाला बंदी, घटस्फोट न्यायालयातूनच, मुलामुलींना सारखा वारसा, या गोष्टी त्या कायद्याने दिल्या. त्याही एका फटक्यात रुजल्या नाहीत. खेड्यापाड्यांत नुसत्या इमामाच्या निकाहावर संसार होत राहिले आणि त्यांतून झालेल्या मुलांना औरस ठरवण्यासाठी संसदेला पुन्हा पुन्हा खास कायदे करावे लागले. पतीला कुटुंबप्रमुख मानणारे कलम तर थेट २००१ च्या नव्या नागरी कायद्याने गेले, आणि त्यामागे स्त्री संघटनांचा दीर्घ रेटा होता. ज्या सुधारणेने सामान्य बाईच्या हातात काही दिले ती सांभाळायला माणसे पुढे आली. ज्या सुधारणेने लोकांच्या तोंडची प्रार्थना बदलली तिच्यासाठी कोणी रडले नाही.

धर्मखात्याचा गैरवापर अध्यक्ष एर्दोआन यांच्यापासून सुरू झाला, ही समजूतही अर्धवट आहे. १९८० मध्ये सत्ता बळकावणारे सेनापती स्वतःला केमालचे वारसदार म्हणवत होते. डाव्यांना वेसण घालायला धर्म बरा, असा हिशेब करून त्यांनीच १९८२ च्या राज्यघटनेत शाळांमधले धर्मशिक्षण सक्तीचे केले. हे शिक्षण प्रामुख्याने सुन्नी पद्धतीचे असल्यामुळे सुन्नींहून वेगळ्या अलेवी पंथाच्या पालकांनी दाद मागितली आणि २००७ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अलेवींच्या ‘जेमेवी’ या प्रार्थनागृहाला दियानेत आजही मशिदीच्या बरोबरीचे प्रार्थनास्थळ मानत नाही. सरकारी धर्म म्हटला की सरकारला मान्य असलेला पंथही ओघानेच आला.

ट्युनिशियाची कथा थोडी वेगळी आहे. तिथले सत्ताधारी हबीब बुर्गिबा हेही हुकूमशाही वृत्तीचेच. पण १३ ऑगस्ट १९५६ च्या कायद्याने बहुपत्नीत्व आणि तोंडी तलाक बंद करताना त्यांनी हा इस्लाममधलाच इज्तिहाद, म्हणजे स्वतंत्र विचाराने लावलेला धर्माचा अर्थ, आहे, अशी मांडणी केली. तिची मशागत आधी झाली होती. झैतुना या इस्लामी विद्यापीठात शिकलेल्या ताहिर हद्दादने १९३० मध्येच शरियतच्या आधारे स्त्रियांच्या हक्कांचे पुस्तक लिहिले होते, आणि त्यापायी बहिष्कार सोसून तो १९३५ मध्ये ऐन तारुण्यात गेला. २०१२ मध्ये नव्या राज्यघटनेच्या मसुद्यात स्त्री ही पुरुषाची ‘पूरक’ असल्याचे शब्द आले, तेव्हा १३ ऑगस्टलाच हजारो लोक, मुख्यतः स्त्रिया, राजधानीच्या रस्त्यावर उतरले. ते शब्द गेले आणि २०१४ च्या घटनेत समानता आली. त्या मोर्चाच्या वेळी बुर्गिबांना मरून बारा वर्षे झाली होती. वारशातली विषमता मात्र तिथे अजून तशीच आहे, हेही नोंदवले पाहिजे.

हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत तोंडी तलाकाविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला, तेव्हा त्यांच्यामागे ना पोलीस होते ना धर्मखाते. सातच बायका, म्हणून लोक हसले. केमाल हवा म्हणणारे दलवाईंचेही नाव आदराने घेतात, पण या दोन वाटा एक नाहीत हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

अशा मित्रांना मी हल्ली २४ जुलै २०२० ची आठवण करून देतो. केमालच्या मंत्रिमंडळाने १९३४ मध्ये संग्रहालय केलेल्या इस्तंबूलच्या आया सोफिया या जुन्या मशिदीत त्या दिवशी पुन्हा जुम्म्याची नमाज झाली. हातात तलवार घेऊन मिंबरवर, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावर, चढलेल्या इमामाने वक्फ मोडणाऱ्यांविषयी असे काही शब्द काढले की ते केमाललाच उद्देशून आहेत असे अनेकांना वाटले. तो इमाम दियानेतचा अध्यक्ष होता.