चित्रपट पाहू नका, मत द्या

एखाद्या स्नेह्याने शनिवारी रात्री घरी बोलावलं, हॉलमध्ये पडदा लावला आणि "आज जरा वेगळा सिनेमा दाखवतो" असं म्हटलं, तर अजिबात घाबरून जाऊ नका. चित्रपट ब्लॅक अँड व्हाइट आहे, खुनाचा आहे आणि त्यात म्हणे विनोदही आहे, एवढं कळलं की तुमची तयारी पूर्ण झाली. मत तर आपल्याकडे तयारच असतं. ते चित्रपट सुरू व्हायच्या आत देऊन टाकता आलं तर उत्तम, कारण नंतर चित्रपट मध्ये येतो.

परवा आम्ही असाच 'द मॅन हू वॉज्न्ट देअर' पाहिला. कोएन बंधू या अमेरिकन दिग्दर्शक जोडीचा, २००१ सालचा. मी पाहिला असं म्हणायचं, बाकीच्यांचं त्यांनाच ठाऊक. यजमानांचे साडूभाऊही आले होते. माणूस सज्जन, बोलायला गोड, चारचौघांत वजन असलेला. चित्रपटावर मत कसं द्यावं याचं जे शिक्षण मला त्या रात्री फुकटात मिळालं, ते हातचं न राखता तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात रंगापासून करावी. "टीव्ही बिघडलाय का?" हा विनोद जुना असला तरी चालतो. तो कोणी केला नाही तर मंडळींना चुकल्याचुकल्यासारखं होतं. मग थोडं गंभीर व्हावं आणि म्हणावं, "बजेट नसेल हो." कॅमेरामन रॉजर डीकिन्स यांनी हा चित्रपट रंगीत फिल्मवर चित्रित केला आणि मग पडद्यासाठी कृष्णधवल केला, म्हणजे रंग हाताशी असताना मुद्दाम बाजूला ठेवला, त्यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार तर मिळालाच, असं कोणी सांगू लागलं तर त्याच्यापुढे वड्यांची ताटली सरकवावी. तुरुंगातल्या खोलीत वरून पडणाऱ्या उन्हाच्या झोतात वकील उभा राहून बोलतो, त्या दृश्याकडे बोट दाखवू लागला तर चटणीही द्यावी.

नायकाच्या ओठांत सुरुवातीपासून सिगारेट आहे. कोपऱ्यात धूम्रपानाच्या इशाऱ्याची पट्टी आली की ती मोठ्याने वाचावी. दर वेळी.

पुढचा प्रश्न "हा कोण?" हा विचारावाच. गोष्ट तशी अवघड नाही. १९४९ साल, कॅलिफोर्नियातलं सांता रोझा हे गाव. एड क्रेन मेव्हण्याच्या सलूनमध्ये दुसऱ्या खुर्चीवर केस कापतो. बायको डोरिस एका मोठ्या दुकानात हिशेब लिहिते आणि तिथल्या साहेबाशी, बिग डेव्हशी, तिचं प्रकरण चालू आहे. एडला ते उमगलंय, पण तो काही बोलत नाही. सलूनमध्ये आलेला, डोक्यावर खोट्या केसांचा टोप घालणारा एक गृहस्थ त्याला ड्राय क्लीनिंगच्या धंद्यात भागीदारी देऊ करतो. दहा हजार डॉलर पाहिजेत. एड डेव्हला निनावी चिठ्ठी पाठवून नेमकी तेवढीच रक्कम उकळतो आणि त्या एका चिठ्ठीपायी चार जणांचा जीव जातो, चौथा त्याचा स्वतःचा. पात्रं मोजकी, प्रत्येकाचा चेहरा लक्षात राहील असा. तरी विचारावं, "हा कोण?" उत्तराकडे लक्ष देऊ नये, कारण पुढच्या दृश्यात पुन्हा हेच विचारायचं असतं.

आता येतो सगळ्यात हुकमी आक्षेप. "हीरो काहीच बोलत नाही, आणि निवेदन मात्र किती ते!" साडूभाऊंनी हा आक्षेप चढत्या आवाजात अनेकदा घेतला. घ्यावा. एड खरोखरच बोलत नाही. बोलतो त्याचा मेव्हणा, फ्रँक. सकाळपासून सुरू असतो, रशियाने अणुबॉम्ब फोडला त्यावरही बोलतो, आणि एड म्हणतो, आपण काही बोलणारे नाही, आपण फक्त केस कापतो. एकदाच त्याला काहीतरी सांगावंसं वाटतं. एका पोराचं डोकं भादरता भादरता तो फ्रँकला म्हणतो, केस वाढतच राहतात, नाही का, ते आपल्या अंगाचा भाग असतात आणि आपण ते कापून कचऱ्यात टाकतो. फ्रँक विचारतो, काय बडबडतोयस? एड म्हणतो, जाऊ दे. झालं. आमच्या हॉलमध्ये नेमक्या त्याच क्षणी सोफ्यावरून आवाज आला, "काय बडबडतोय हा?" फ्रँकच्याही अर्धा सेकंद आधी! मी थक्क झालो. असं एकरूप होणं नटांनाही जमत नाही.

बरं, पुढे डेव्हचा खून होतो. केला एडने, तोही डेव्ह त्याचा गळा दाबत असताना. पकडली जाते डोरिस. मग एड वकिलासमोर सरळ सांगतो, मारलं मी, माझ्या बायकोचं त्याच्याशी प्रकरण होतं. आणि सॅक्रामेंटोहून आलेला, पक्षकाराच्या पैशावर झोडणारा तो फ्रेडी रीडनश्नायडर काय करतो? ही गोष्ट कोर्टात टिकणार नाही, दुजोरा द्यायला कोण आहे, नवरा बायकोला वाचवतोय असंच वाटेल, दुसरं काही शोधू या, असं म्हणतो. कबुलीजबाब गचाळ म्हणून नापास! माणसाने जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं तर त्याला सांगतात, तुझी गोष्ट रंगत नाही. हे पाहून तुम्हाला हसूही येत नाही, वाईटही वाटत नाही, आणि तुम्ही विचारता, हा बोलत का नाही? अहो, कोणाशी बोलायचं त्याने? तुमच्याशी?

आणि निवेदन. निवेदन फार आहे ना? त्याचं उत्तर चित्रपटात आहे हो, शेवटी आहे! एड कोठडीत बसून एका पुरुषांच्या मासिकासाठी आपली कहाणी लिहितोय, शब्दामागे पाच सेंट मिळतायत, तेव्हा कुठे गरजेपेक्षा जास्त सांगितलं असेल तर माफ करा, असं तो आपल्याला सांगतो. विजेच्या खुर्चीकडे निघालेला माणूस शब्दांवर पैसे मिळवतोय! इतका वेळ ऐकलेला तो सपाट, थकलेला आवाज त्या एका वाक्याने पालटतो. आधीच्या प्रत्येक पाल्हाळाचा हिशेब लागतो. यापेक्षा काळा विनोद दुसरा कुठला असतो? त्या वेळी साडूभाऊ कुठे होते? गॅलरीत. फोनवर. पाण्याच्या टँकरचे पैसे कोणी भरायचे यावर सोसायटीच्या कोणाशी तरी वाद घालत होते. काचेतून सगळं ऐकू येत होतं, एड क्रेनपेक्षा स्पष्ट. आत आले तेव्हा दिवे लागले होते. बसायच्या आधी म्हणाले, "बाकी ठीक आहे, निवेदन फार होतं."

असो. आपण सल्ले देतोय.

विनोदाविषयी. "विनोदी म्हणता, पण एकदाही हसू आलं नाही" असं म्हणणं फार उपयोगी पडतं. सरकारी डॉक्टर एडला बारमध्ये बाजूला घेऊन जड अंतःकरणाने सांगतो की तुमची बायको गेली तेव्हा तिला दिवस गेलेले होते, नवऱ्याला हे माहीत असायला हवं. नवरा तितक्याच शांतपणे सांगतो, आमच्यात कित्येक वर्षांत तसा संबंध आलेला नाही. मला फसकन हसू आलं आणि लगेच लाज वाटली. हा चित्रपट असाच हसवतो, घाव घालून. बिग डेव्हची बायको मध्यरात्री काळी जाळी चेहऱ्यावर घेऊन एडच्या दारात येते आणि सांगते की नवऱ्याला मागे उडत्या तबकडीतल्यांनी उचलून नेलं होतं, तिथेही तेच. हसावं की दार लावून घ्यावं हे एडलाही कळत नाही. तर अशा जागी कोणी हसलं की त्याच्याकडे वळून पाहावं आणि म्हणावं, "अहो, बायको मेली त्याची, हसताय काय?" समोरचा उरलेला चित्रपट दगडासारखा बसून काढतो. मी काढला.

अर्थात मत देण्याचा दुसराही एक घराणेदार मार्ग आहे. तो अभ्यासूंचा. आमच्याकडे तेही एक होते. चित्रपट चालू असताना 'नॉयर' (म्हणजे काळोख्या गुन्हेगारी चित्रपटांचा प्रकार) हा शब्द जमेल तितक्या वेळा नाकातून काढावा. गावाचं नाव येताच "हिचकॉकने १९४३ सालचा 'शॅडो ऑफ अ डाउट' इथेच घडवलाय" असं कुजबुजावं. डोरिसच्या दुकानावर नर्डलिंगर ही पाटी दिसली की "हे आडनाव जेम्स केनच्या 'डबल इन्डेम्निटी' कादंबरीतलं" असं सांगावं. कान महोत्सवात जोएल कोएनला दिग्दर्शनाचा पुरस्कार डेव्हिड लिंचबरोबर वाटून मिळाला हे शेजाऱ्याला सांगून घ्यावं, त्याने विचारलेलं नसलं तरी. सगळं खरं असतं. फक्त हे चालू असताना पडद्यावर काय झालं ते दोघांनाही कळत नाही. या दोन घराण्यांतून निवडायचं तर मी साडूभाऊंना निवडेन. ते मधूनमधून झोपतात तरी.

चुका काढाव्यात. एक तर आयतीच आहे: कॅलिफोर्नियात विजेची खुर्ची नव्हतीच, १९३८ पासून तिथे विषारी वायूच्या कोठडीत देहदंड देत. ही माहिती फोनवर शोधून तिथल्या तिथे जाहीर केली की चित्रपट खोटा ठरला, आपण जिंकलो. मग एवढे बारकाईने काम करणाऱ्या माणसांना हे ठाऊक नसेल का, असा विचार करायचं कारण उरत नाही. सुरुवातीला डोरिस टबमध्ये बसून मासिक वाचत असते आणि एडला सांगते, माझ्या पायांचे केस काढ. तो मुकाट्याने काढतो. शेवटी खुर्चीवर बसवायच्या आधी तुरुंगातला माणूस एडच्या पायाचे केस काढतो, कारण तारा जोडायच्या असतात. वायूच्या कोठडीत पाय भादरावा लागत नाही. मला विचाराल तर खुर्ची यासाठीच आणली आहे. पण मला कोण विचारतंय.

कथा समजली नाही तर 'शेवटाचा अर्थ' सांगणारा दहा मिनिटांचा व्हिडिओ घरी जाताना रिक्षात पाहावा, दीडपट वेगाने.

तारे द्यायचे तर पाचपैकी अडीच द्यावेत. अडीचवर कोणी भांडत नाही.

आणि सगळ्यात शेवटी, चपला घालता घालता, "टाइमपास म्हणून ठीक" असं म्हणावं. साडूभाऊंनी ते म्हटलं, जिन्यातून उतरताना म्हटलं, आणि रात्री ग्रुपवरही टाकलं: "स्लो मूव्ही. नॉट रेकमेंडेड." खाली अंगठे आले. त्यांतले निम्मे लोक त्या रात्री तिथे नव्हतेसुद्धा.

आता पुरे झालं, सरळच बोलतो.

तुम्हाला चित्रपट आवडला नाही याचं मला काहीही वाटत नाही. न आवडायला जागा आहे. त्या पियानो वाजवणाऱ्या मुलीचा, बर्डीचा, भाग मलाही रेंगाळलेला वाटतो. एड तिच्यात एवढा का गुंततो ते बीथोव्हेन किती वेळा वाजवला तरी माझ्या गळी उतरत नाही. पण हे मी बघून म्हणतोय. तुम्ही बघितलंच नाहीत. ११६ मिनिटांत तुम्ही टँकर मिटवलात, दोन लग्नांच्या तारखा ठरवल्यात, डुलकी काढलीत, पाणी मागितलंत, वडे कोणाकडून आणले ते विचारलंत, आणि वर दिग्दर्शकाला कुठे कापायला हवं होतं ते शिकवलंत. लाज नाही वाटत? चांगले शिकलेले लोक तुम्ही. पुस्तकाची तीन पानं वाचून पुस्तक वाचलं असं सांगत फिरणाऱ्याला तुम्हीच नावं ठेवता ना? मग इथे काय झालं? माणसं वर्षानुवर्षं राबून एक गोष्ट उभी करतात, कोणीतरी ती प्रेमाने घरी बोलावून दाखवतो, आणि तुम्हाला अंधारात तोंड मिटून बसवत नाही? फोन उलटा ठेवता येत नाही? कोणी मरत नाही हो दोन तासांत. टँकरवाला तर अजिबात मरत नाही, तो सकाळी पुन्हा फोन करतो.

समजलं नाही तर समजलं नाही म्हणा, त्यात कमीपणा कसला? कंटाळा आला तर उठून जा, आवाज न करता, दार हळू लावून. पण कंटाळलात म्हणून चित्रपट वाईट ठरत नाही, आणि तुम्ही झोपलात म्हणून तो संथ होत नाही. आणि जे पाहिलं नाही त्यावर मत मागायला तुमच्या दारात कोणी आलेलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी पुन्हा चित्रपट आहे. यायचं तर गप्प बसायच्या तयारीने या. नाही जमत, तर येऊ नका. खरंच येऊ नका, कोणाला वाईट वाटणार नाही.