नियमांनी इंट्रानेट मरतं म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या दोन महिन्यांत एकच फॉरवर्ड मला सहा वेळा आला. आधी एचआरवाल्यांच्या ग्रुपवर, मग नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीच्या आयटीवाल्यांच्या ग्रुपवर, आणि शेवटी आमच्या प्लांट हेड साहेबांकडून, खाली नुसतं एक प्रश्नचिन्ह ठेवून. मजकूर थोडक्यात असा: कंपनीचं इंट्रानेट, म्हणजे फक्त आतल्या लोकांसाठीची वेबसाइट, नियमांमुळे मरतं. विकिपीडियासारखं ते सगळ्यांना खुलं सोडा. मांडणी-बिंडणीत वेळ घालवू नका, सर्च दमदार घ्या. आता तर एआय आलंय. हे काम आयटीचं, इतरांनी त्यात डोकं घालू नये. एकदा देखणं होमपेज करून घेतलं की पाच वर्षं बघायला नको. आणि कंपनी लहान असेल तर तेवढंही नको, व्हॉट्सॲप ग्रुप पुरे.

प्रश्नचिन्हाला तोंडी उत्तर देता आलं असतं, पण साहेबांच्या केबिनमध्ये माझं तिसरं वाक्य कधी पूर्ण होत नाही. म्हणून लिहिते.

मी बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कागदपत्रं सांभाळते. कुठल्या मशीनची कुठली कार्यपद्धती चालू आणि कुठली बाद, हे माझ्या रजिस्टरला माहीत असतं. इंट्रानेट माझ्या गळ्यात पडलं ते एका ऑडिटमुळे. ऑडिटरने वेल्डिंग शॉपमधल्या कियॉस्कच्या पडद्यावर एक वर्क इन्स्ट्रक्शन, म्हणजे काम कसं करायचं त्याची सूचना, उघडली, शेजारी भिंतीवर लावलेली पाहिली, आणि दोन्हींवरचा रिव्हिजन नंबर, म्हणजे ती कितवी सुधारित आवृत्ती, आम्हालाच मोठ्याने वाचायला लावला. भिंतीवर सहा, पडद्यावर चार.

आधी फॉरवर्डमधलं खरं ते खरं. नियम माणसाचं लिहायचं मन मारू शकतात. याआधी मी जिथं होते तिथं कँटीनचा मेन्यू इंट्रानेटवर टाकायला तीन सह्या लागत. सोमवारचा मेन्यू मंजूर होऊन यायचा बुधवारी. तोवर लोकांनी खिडकीतून वास घेऊन ठरवलेलं असायचं, आज सावजी रस्सा आहे की पाटोडी. पण तीन सह्या का लागत होत्या? ते पान कुणाचं हे कधी ठरलंच नव्हतं. कुणाचंच नाही म्हटल्यावर प्रत्येकाला वाटे, आपण एकदा बघून घेतलेलं बरं. कँटीन सुपरवायझरला ‘हे पान तुझं, चुकलं तर तुला विचारू’ एवढं सांगितलं असतं तर एकही सही लागली नसती. फॉरवर्डवाल्याने लक्षण पाहिलं आणि त्यालाच रोग समजला.

आता विकिपीडिया. हे उदाहरण देणाऱ्याने तिथलं ‘इतिहास पहा’ कधी दाबलेलं नसावं. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ ला सुरू झाला, मराठी १ मे २००३ ला, आणि दोन्हीकडे प्रत्येक बदल कोणत्या खात्याने किती वाजता केला याची नोंद राहते. भांडणाची पानं कुलूपबंद होतात. प्रचालक असतात, ते पान काढू शकतात, धुडगूस घालणाऱ्याला रोखू शकतात. दाव्याला संदर्भ मागतात. प्रत्येक लेखामागे चर्चेचं पान असतं, आणि मराठी विकिपीडियावर सगळ्यांनी मिळून बोलायच्या जागेला तर चक्क ‘चावडी’ म्हणतात. चावडी आहे, वह्या आहेत, कुलपं आहेत, आणि तरी गाव बिनकारभाराचं?

शिवाय तिथं चूक सुधारायला जगभरातले हौशी लोक टपून बसलेले असतात. आमच्या कारखान्यात ग्रॅच्युइटीचं पान सुधारायला कोण टपून बसलंय? कुणी नाही. आणि एखाद्या राजाच्या जन्माचं साल चुकलं तर कुणाचं बोट जात नाही. प्रेस मशीनची वीज कशी तोडायची आणि कुलूप कुठं लावायचं, हे पान चुकलं तर जातं.

सर्चचा मुद्दा मात्र सविस्तर घ्यायला हवा, कारण तो सगळ्यांना पटतो. मलाही एकेकाळी पटायचा.

बाहेर गूगल चांगलं चालतं म्हणून आतही तसंच चालेल, हा त्यामागचा हिशेब. पण गूगलची सुरुवातीची करामत पानांमधल्या दुव्यांवर उभी होती: ज्या पानाकडे इतर चांगली पानं बोट दाखवतात ते वर. लाखो साइटवाल्यांनी एकमेकांकडे बोटं दाखवलीत म्हणून ते जमतं. इंट्रानेटवर लीव्ह पॉलिसीच्या पीडीएफकडे कोण बोट दाखवतं? तिथं जवळपास एकाच नावाच्या चार फायली असतात: ‘लीव्ह पॉलिसी फायनल’, ‘फायनल २’, ‘नवीन फायनल’ आणि ‘हीच वापरा’. यंत्राच्या नजरेत चौघी सारख्या. त्यातली एकच खरी आहे हे सांगायला माणूस लागतो.

आमच्याकडे याचं एक जिवंत उदाहरण घडलं. अकाउंट्समधली एक जण गरोदर होती. तिने ‘मॅटर्निटी’ टाकून शोधलं, वरच जुनं पान आलं, त्यावर १२ आठवडे. कायदा दुरुस्त होऊन १ एप्रिल २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवडे झालेली होती. नवं परिपत्रकही इंट्रानेटवर होतं, पण स्कॅन केलेलं. म्हणजे अक्षरांचा फोटो. सर्चला तो वाचताच येत नव्हता, म्हणून तो कधी वर आलाच नाही. तिने १२ आठवडे धरून हिशेब मांडला. आईला वर्ध्याहून कधी बोलवायचं, तान्ह्याला तिसऱ्या महिन्यापासून कोण सांभाळेल, सगळं. एचआरच्या क्लार्ककडे गेली, तर त्यानेही तेच पान उघडून मान डोलावली. शेवटी तिचा भाऊ म्हणाला, “ताई, सव्वीस झाले न आता?” ते पान २०१४ मध्ये चढवलेलं. चढवणारा पुढल्या वर्षीच पुण्याला गेला होता. पान मात्र इथंच राहिलं, त्याच्या नावासकट.

भाषेचं तर आणखी वेगळं. पान म्हणतं ‘लीव्ह’, शॉप फ्लोअरवरचा माणूस टाकतो ‘सुट्टी’. कुणी ‘सुटी’, कुणी रोमन अक्षरांत. पान म्हणतं ‘ग्रिव्हन्स’, तो टाकतो ‘तक्रार’. पान म्हणतं ‘कन्व्हेयन्स’, तो टाकतो ‘गाडीभाडं’. कितीही महाग सर्च आणा, कोणत्या शब्दांना शून्य उत्तरं आली याची यादी दर महिन्याला कुणीतरी वाचावी लागते आणि ते शब्द पानांना जोडावे लागतात. मी पहिल्यांदा ती यादी काढली तेव्हा सगळ्यात वर होतं ‘पगार पावती’. पान होतंच. ‘पेस्लिप’ नावाने, तीन क्लिक आत.

आणि एआय? एआय तर या सगळ्याला धार लावतं. पूर्वी जुनी आणि नवी फाइल शेजारी दिसायची, माणूस निदान गोंधळायचा. आता दोन्हींतून एक गुळगुळीत वाक्य तयार होऊन येतं आणि गोंधळायलाही वाव उरत नाही. दुसरी गोष्ट परवानग्यांची. मायक्रोसॉफ्टचं कोपायलट नावाचं एआय विचारणाऱ्याला जे बघायची परवानगी आहे त्यातूनच उत्तर देतं. ऐकायला सुरक्षित वाटतं. पण शेअरपॉइंटमध्ये, म्हणजे कंपनीच्या फायली ठेवायच्या मायक्रोसॉफ्टच्याच जागेत, ‘एव्हरीवन एक्सेप्ट एक्स्टर्नल युजर्स’ (बाहेरचे सोडून सगळे) नावाचा एक गट असतो. घाईत फोल्डर शेअर करताना कुणीतरी तो निवडतो, आणि इन्क्रिमेंटची शीट अख्ख्या कंपनीला खुली होते. वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही, कारण तिथवर कुणी पोचतच नाही. एआयला पोचायला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. म्हणून ते चालू करण्याआधी परवानग्यांची झाडझूड करावी लागते, आणि कुठलं फोल्डर कुणाचं हे माहीत नसेल तर झाडू कुठून फिरवणार?

‘हे आयटीचं काम’ याला एकच पान पुरे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, २०१३ च्या कायद्याने. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे त्या पानाला कायद्यानेच शिळं होण्याची तारीख दिलेली आहे. सर्व्हर चालू आहे की नाही हे आयटीचा मुलगा सांगेल. समितीच्या अध्यक्ष मॅडम नोकरी सोडून गेल्यात आणि पानावर अजून त्यांचाच मोबाइल आहे, हे त्याला कसं कळावं? ते ज्याच्या कामात आहे त्याचंच ते पान.

व्हॉट्सॲपला मी नावं ठेवणार नाही. रात्री पावसाने वर्धा रोडवर पाणी तुंबलं, बस उशिरा येणार, हे सांगायला त्याहून चांगलं काही नाही. पण निरोप वेगळा आणि दप्तर वेगळं. पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो. पुढं गेलेल्या प्रतींना तर हातही लागत नाही. आमच्याकडे दिवाळीच्या सुट्यांची चुकीची यादी एकदा ग्रुपवर गेली. सुधारित यादी दहा मिनिटांत टाकली, तरी पहिलीच फिरत राहिली, कारण तिच्यात एक सुट्टी जास्त होती. शिवाय लोक त्याच ग्रुपवर आधार कार्डाचे फोटो आणि डॉक्टरांची सर्टिफिकेटं टाकतात. नोकरी सोडलेल्या माणसाच्या खाजगी फोनमध्ये ती तशीच राहतात. वैयक्तिक माहिती जपण्याचा २०२३ चा कायदा सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. ग्रुप ॲडमिनने हा आकडा एकदा वाचावा आणि मग ‘पुरे’ म्हणावं.

राहिलं ते ‘एकदा करा आणि विसरा’. देखण्या होमपेजचं काय होतं ते मी बघितलंय. एप्रिलमध्ये उन्हाळी शिफ्टची नोटीस लागते, सकाळी सहा ते दोन. सप्टेंबरात बाहेर धो धो पाऊस आणि पडद्यावर ‘उन्हापासून काळजी घ्या’. अशा दोन नोटिसा पाहिल्या की माणूस तिसरी वाचत नाही, ती खरी असली तरी.

आमचे नियम एका पानात मावतात. प्रत्येक पानाखाली एका माणसाचं नाव, विभागाचं नाही. विभागाला फोन लागत नाही. नावाशेजारी पुन्हा तपासायची तारीख. राजीनामा दिला की नो ड्यूज फॉर्ममध्ये ओळखपत्र, लॉकरची किल्ली यांच्या खाली एक नवी ओळ: ‘इंट्रानेटवरची पानं कुणाकडे सोपवली?’ ती रिकामी असेल तर मी सही करत नाही. पुण्याला गेलेल्या त्या भाऊंची ही देणगी.

आणि वर्षातून एकदा मारबत. नागपूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे भलेमोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत वर्षभराची घाण गावाबाहेर नेतात आणि मारबत जाळतात. त्याच आठवड्यात मी तारीख उलटलेल्या पानांची यादी काढते. पानाच्या धन्याला, म्हणजे ज्याचं नाव खाली आहे त्याला, पंधरा दिवस देते. उत्तर नाही आलं तर पान गेलं. जाळत मात्र नाही. ऑडिटमध्ये जुन्या नोंदी मागतात, म्हणून ती सर्चमधून काढून वेगळ्या कपाटात जातात. कोणती नोंद किती काळ ठेवायची आणि मग तिचं काय करायचं, हे आयएसओ ९००१ हे गुणवत्तेचं मानकसुद्धा विचारतं.

पहिल्या मारबतीत कंपनीच्या बसच्या वेळांचं पान गेलं. धनी म्हणून कुणाचंच नाव नव्हतं, दोन मेल पाठवूनही कुणी बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ट्रान्सपोर्टच्या दादांचा फोन. “मॅडम, माझं पान काऊन उडवलं?”

मी म्हटलं, “तुमचं आहे का? मग नाव टाका.”

दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. पान उघडलं. तिसऱ्या थांब्यापुढे लिहिलं होतं ‘छत्रपती चौक, पुलाखाली’. तो पूल मेट्रोसाठी २०१६ मध्येच पाडला. आता तिथं डोक्यावर दुमजली पूल आहे, खाली गाड्या आणि वर मेट्रो, एकूण ३.१४ किलोमीटर लांब. म्हणजे ‘पुलाखाली’ हे पुन्हा खरं झालं होतं आणि काही उपयोगाचं राहिलं नव्हतं. दादा स्वतःशीच हसले. “म्हनूनच नवीन पोरं भलत्याच खांबापाशी उभी राहून राहिली,” म्हणाले, आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढून एका बोटाने खांबाचा नंबर टाइप करायला लागले.