ज्ञानेश्वरांकडे आराखडा होता: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पुस्तकाच्या पूर्वतयारीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चिठ्ठ्या, तक्ते, सॉफ्टवेअर ही सगळी कारखानदारी, पुस्तक आतून यावं लागतं, ज्ञानेश्वरांनी काही आराखडा काढला नव्हता, परदेशी सॉफ्टवेअर मराठीच्या उपयोगाचं नाही, वही-पेन पुरे, आणि आराखडे काढणारे जन्मभर आराखडेच काढत बसतात. यातला शेवटचा मुद्दा खरा आहे. त्याच्याकडे नंतर येते.

ज्ञानेश्वरांचं नाव मात्र तुम्ही तुमच्याच विरोधात घेतलंत. गीतेचे 18 अध्याय, 700 श्लोक, त्यांचा क्रम ठरलेला: एवढा भक्कम सांगाडा हाताशी असताना त्यांनी सुमारे 9,000 ओव्या रचल्या. कुठल्या श्लोकावर किती रेंगाळायचं हे त्यांचं, पण पुढे काय येणार हे आधीच ठरलेलं होतं. शिवाय लिहून घ्यायला सच्चिदानंदबाबा होते. ते काम आता फोन करतो, बोललेलं मराठी बऱ्यापैकी टिपतो. फक्त ‘सच्चिदानंदबाबा आदरें लेखकु जाहला’ यातलं ‘आदरें’ त्यात नसतं.

प्रतिभा आणि चिठ्ठ्या यांचं वैर आहे असंही नाही. ‘लोलिता’वाले नाबोकोव्ह कादंबऱ्या कार्डांवर लिहायचे. क्रमाने नव्हे, जो प्रसंग डोळ्यासमोर आला तो आधी, आणि कार्डं मागेपुढे करून जागा नंतर ठरायची. त्यांची अपुरी राहिलेली शेवटची कादंबरी 2009 मध्ये छापली गेली ती 138 कार्डांच्याच रूपात. याला कारखाना कसं म्हणायचं? उलट वहीत पान 1 नंतर पान 2च येतं. कार्डाला तेवढीही सक्ती नाही.

आता मराठी आणि सॉफ्टवेअर. इथे आपण जिथून निघतो ती जागा एकच आहे, पण पोहोचतो उलट्या टोकांना. संगणक मराठीत कमी पडतो हे खरंच आहे, आणि म्हणूनच मराठी लेखकाला टिपणांची शिस्त इंग्रजी लेखकापेक्षा जास्त लागते. मी सध्या जुन्या विहिरी आणि बारवांवर लिहिते आहे, तिथलंच उदाहरण देते. टिपणांच्या फाइलमध्ये ‘विहीर’ शोधलं तर ‘विहिरीत’, ‘विहिरींचा’ यांतलं काहीच सापडत नाही, कारण विभक्ती लागली की दीर्घ ‘ही’ची ऱ्हस्व ‘हि’ होते. ‘पायरी’ शोधून ‘पायऱ्या’ मिळत नाहीत. बरं, ‘पायऱ्या’ असं पूर्ण टाइप करून शोधलं तरी खात्री नाही. यातला ऱ्या दोन प्रकारे उमटतो: काही कळफलक टिंबवाला स्वतंत्र ऱ वापरतात, काही साधा र घेऊन मागे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. डोळ्याला दोन्ही सारखे, शोधयंत्राच्या लेखी दोन निराळे शब्द. फोनवर केलेलं टिपण एका प्रकारचं आणि संगणकावरचं दुसऱ्या प्रकारचं निघालं, की अर्धी सामग्री हातात असून नसल्यासारखी. ‘ॲ’चंही तसंच.

यावर माझा उपाय अगदी बाळबोध आहे. प्रत्येक टिपणाच्या तळाशी ठरलेल्या यादीतले दोनतीन खूणशब्द, कायम मूळ रूपात. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर घ्या. शिलालेखाप्रमाणे विरूबाई भोसले यांनी ती शके 1641 ते 1646 मध्ये, म्हणजे 1719 ते 1724 या काळात बांधवली. हे एकच टिपण माझ्या निदान तीन प्रकरणांवर हक्क सांगतं: शिलालेख, बांधकामं करवणाऱ्या स्त्रिया, मोटेचं पाणी. वहीत ते एकाच पानावर अडकून पडतं आणि तिसऱ्या प्रकरणाशी पोहोचेपर्यंत मी ते विसरलेली असते. तळाशी ‘विहीर, शिलालेख, स्त्री’ असं असलं, की प्रकरण कुठलंही असो, ते समोर येतं.

यासाठी परदेशी सॉफ्टवेअर विकत घ्या असं मी लिहिलं नव्हतं. स्क्रिव्हनरचा उल्लेख केला, कारण ते कीथ ब्लाउंट या गृहस्थाने स्वतःच्याच लिखाणाची सोय म्हणून करायला घेतलं आणि 2007 मध्ये बाजारात आणलं. पडद्यावर कार्डं मांडायची त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. पण फुकटच्या लिब्रेऑफिसमध्येही प्रकरणांना आणि पोटविभागांना हेडिंगची शैली लावली, की नॅव्हिगेटरमध्ये, म्हणजे बाजूच्या हेडिंगांच्या यादीत, अख्खं प्रकरण उचलून दुसरीकडे टाकता येतं. हेडिंग नुसतं ठळक करून भागत नाही, शैली लावावी लागते. एवढं एक शिकलात तरी खूप काम होतं.

छपाईचंही आधी बघा. प्रकाशक पुस्तक फॉर्ममध्ये मोजतो, 16 पानांचा एक. दहा फॉर्मचं पुस्तक म्हणजे 160 पानं. पानाला ढोबळ 300 शब्द धरले तर 48,000. हा आकडा आधी माहीत असला की सात प्रकरणं लिहायची का सतरा, हे ठरवताना डोकं ताळ्यावर राहतं. आणि मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फाँटमध्ये (म्हणजे आजच्या फोन-संगणकांच्या सामायिक अक्षरसंकेतात न बसणाऱ्या) नेऊन जुळवणार असतील, तर शेवटचं मुद्रितशोधन त्या रूपांतरानंतरच करा. जोडाक्षरं तिथेच मोडतात.

आता तुमचा खरा मुद्दा. आराखडा हे न लिहिण्याचं फार प्रतिष्ठित निमित्त आहे, मान्य. रंगीत चिठ्ठ्यांनी भिंत भरली की काम झाल्यासारखं वाटतं. पण याला तयारी कमी करणं हे उत्तर नाही. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशाचे 23 खंड पुरे केले, आणि आधी नीट मांडामांड केल्याशिवाय ते काम एक वर्षही चाललं नसतं. सुरुवातीचे पाच खंड तर नुसत्या प्रस्तावनेचे आहेत! फरक एवढाच, की त्यांचे खंड छापून बाहेर पडत होते. म्हणून मी एक सोपी कसोटी लावते: आराखड्यातल्या प्रकरणाला नाव देता येतं, पण त्यातला एकही परिच्छेद आज लिहिता येत नाही, तर त्या प्रकरणाचा अभ्यास अजून झालेला नाही. तिथे आराखडा सुधारत बसू नये. ग्रंथालयात जावं, नाहीतर सरळ त्या विहिरीवर जावं.

वहीच वापरायची असेल तर जरूर वापरा, मीही फिरतीवर वहीच नेते. फक्त पानांना आकडे घाला, पहिली चार पानं सूचीसाठी कोरी सोडा आणि रोज रात्री ती भरा. डाव्या पानावर काही लिहू नका. घरी आल्यावर सुचलेल्या शंका तिथे जातात.