सात वेळांचा हिशेब

गेल्या महिन्यात भाऊजींचा पीएसए, म्हणजे पुरुषांमधल्या प्रोस्टेट ग्रंथीच्या तपासणीसाठी रक्तात मोजतात तो आकडा, मर्यादेपेक्षा जास्त आला. बायोप्सीची तारीख मिळेपर्यंतच्या दिवसांत एकदा त्यांनी मला गॅलरीत बोलावून हळूच विचारले, "होस्टेलच्या गच्चीवर चार-पाच वेळा गांजा ओढला होता रे. त्यानेच तर नसेल ना हे?" गांजा ओढणाऱ्यांना प्रोस्टेटच्या कर्करोगाचा धोका तिप्पट असतो, अशी एक ओळ कुणीतरी त्यांना पाठवली होती. उभा जन्म संख्याशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे त्या ओळीचे मूळ शोधल्याशिवाय मला राहवले नाही.

ते मूळ कॅलिफोर्नियात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत १९७९ ते १९८५ या काळात तपासणीला आलेल्या, १५ ते ४९ वयाच्या सुमारे ६५ हजार स्त्री-पुरुषांनी गांजाविषयीची प्रश्नावली भरून दिली होती आणि त्यांच्यातील कर्करोगांची नोंद १९९३ पर्यंत घेतली गेली. सगळे कर्करोग एकत्र धरले तर ओढणारे आणि न ओढणारे यांच्यात फरक दिसलाच नाही. तिपटीचा आकडा, नेमका ३.१, हा फक्त तंबाखू न ओढणाऱ्यांच्या उपगटातला असून त्याची ९५ टक्के विश्वासमर्यादा १.० ते ९.५ अशी पसरलेली आहे. म्हणजे धोका अजिबात वाढत नाही इथपासून तो साडेनऊ पट होतो इथपर्यंत काहीही त्या आकडेवारीत बसते. इतका रुंद पट्टा रुग्ण मोजके असले की पडतो, आणि इथे ते मोजकेच असणार होते, कारण १९७९ साली ४९ वर्षांचा असलेला गृहस्थही १९९३ मध्ये जेमतेम ६३ चा झाला होता, तर अमेरिकेत या रोगाच्या निदानाचे सरासरी वय ६७ च्या आसपास आहे. मोहोर धरायच्या आत आंब्याच्या पेट्या मोजायला बसण्याचाच हा प्रकार.

शिवाय त्या अभ्यासात आयुष्यात सात वेळांपेक्षा कमी ओढणाऱ्याला न ओढणाऱ्यांच्याच रांगेत बसवले होते. हे सांगितल्यावर भाऊजी त्या आठवड्यात पहिल्यांदा हसले.

त्यांच्या चिरंजीवांना मात्र उलटा निरोप आला होता: गांजाचे तेल कर्करोगाच्या पेशी मारते. यामागेही खरे संशोधन आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २००५ साली दाखवले की प्रोस्टेटच्या कर्कपेशींवर कॅनाबिनॉइड ग्राही, म्हणजे गांजातल्यासारखी रसायने जिथे चिकटतात त्या जागा, निरोगी पेशींपेक्षा अधिक असतात, आणि त्यांना चिकटणारे एक कृत्रिम रसायन घातले की त्या पेशी मरतात. पण तो प्रयोग काचेच्या बशीतला, आणि रसायन प्रयोगशाळेत बनवलेले. बाटलीतून घरपोच येणाऱ्या तेलाशी त्याचा काडीचा संबंध नाही. ते तेल विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण धास्तावलेला माणूस त्यापायी उपचार लांबणीवर टाकतो.

ब्रिटनच्या यूके बायोबँक या आरोग्यविषयक माहितीसंग्रहातील सुमारे दीड लाख लोकांवरचा २०२३ चा अभ्यास तर पूर्वी गांजा घेतलेल्यांत प्रोस्टेटचा कर्करोग थोडा कमी आढळला असे सांगतो. मी तोही जपूनच वाचतो. हौसेने प्रश्नावल्या भरणारी माणसे सरासरीपेक्षा निरोगी असतात, आणि पीएसए चाचणीला कोण किती जातो यावरही निदानांची संख्या हलते. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमी या वैज्ञानिक सल्लागार संस्थांनी २०१७ च्या अहवालात या संबंधाबाबतचा पुरावा कोणत्याही बाजूने अपुरा ठरवला होता, आणि माझेही मत तेच आहे. अपुरा म्हणजे निर्धोक नव्हे, हे चिरंजीवांसाठी. वृषणाच्या एका प्रकारच्या कर्करोगाशी दीर्घकाळच्या सेवनाचा संबंध २०१९ च्या एका आढाव्यात दिसला आहे, तोही मी त्यांना वाचायला दिला.

माणसांवरच्या या सगळ्या अभ्यासांचा पाया एकच: माणसाने स्वतःविषयी लिहून दिलेले उत्तर. परवा रुग्णालयाच्या अर्जावर व्यसनांचा रकाना आला, तेव्हा ताई शेजारीच बसली होती. भाऊजींनी पेन क्षणभर थांबवले, माझ्याकडे पाहिले आणि लिहिले, "नाही."