आपला काय संबंध?

आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी लिहिलं, 'तिकडचे पुतळे तिकडे पाडा, गुलामगिरी हे गोऱ्यांचं पाप, आपल्याकडे हा प्रकारच नव्हता, आपला काय संबंध.' खाली लगेच अंगठ्यांची रांग. विषय इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा. ७ जून २०२० ला लोकांनी गुलामांचा व्यापार करणाऱ्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा दोरी बांधून खाली ओढला आणि बंदरात ढकलून दिला, तो व्हिडिओ पुण्यात घरोघरी पोचला. मी उत्तर टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. मामांशी वाद घातला की शेवटी 'तू काय, आता तिकडचीच' हे येणारच, आणि ते मला लागतं, म्हणून ग्रुपवर गप्प बसले आणि इथे लिहितेय.

तेव्हा, कोविडच्या लॉकडाउनमध्ये, मी लंडनमध्ये फर्लोवर, म्हणजे काम थांबवून पगारी रजेवर होते. क्यूचं नॅशनल आर्काइव्हज, म्हणजे सरकारी दफ्तरखाना, मार्च २०२० पासून बंद, ब्रिक्स्टनचं ब्लॅक कल्चरल आर्काइव्हज बंद, लायब्ररी बंद. पण क्यूवाल्यांनी एप्रिलपासून स्कॅन केलेले कागद फुकट डाउनलोड करायला दिले होते, त्याआधी एकेकाला साडेतीन पाउंड लागायचे, त्यामुळे जेवणं झाली की लॅपटॉप घेऊन बसायचे ते मध्यरात्रीपर्यंत. सुरुवात निव्वळ भोचकपणातून झाली. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा एक डेटाबेस आहे, १८३३ च्या कायद्याने गुलाम मोकळे करायचं ठरलं तेव्हा नुकसानभरपाई कुणाकुणाला मिळाली त्याचा. भरपाई मालकांना बरं का, गुलामांना छदामही नाही, उलट बहुतेकांना १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे 'शिकाऊ' म्हणून राबवलं. एकूण दोन कोटी पाउंड, सरकारच्या तेव्हाच्या वर्षाच्या खर्चाच्या साधारण ४० टक्के. त्यात पत्ते सुद्धा आहेत, मग मी लुइशॅममध्ये राहणारी बाई काय करणार, आधी जवळपासचे पत्ते शोधले. ब्लॅकहीथला निघाले मालक. विधवा बायका निघतात, पाद्री निघतात, म्हणजे साखरेचे बडे मळेवालेच तेवढे होते असं नाही.

आणि त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हिशेब कधी मिटला, तर २०१५ साली. ट्रेझरीनेच, म्हणजे इथल्या अर्थखात्याने, २०१८ मध्ये मोठ्या कौतुकाने ट्वीट केलं होतं. मी २००९ पासून इथे पगारातून टॅक्स भरतेय, म्हणजे गुलामांच्या मालकांना दिलेल्या पैशात नाशिकच्या पोरीच्या पेस्लिपमधले दोन-चार पेन्स तरी गेलेच. संबंध विचारत होतात ना मामा, हा घ्या एक.

दुसरा जास्त जवळचा आहे. ग्लासगो युनिव्हर्सिटीने १७०० ते १७८० च्या काळातल्या इंग्लंड-स्कॉटलंडच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिराती गोळा करून ऑनलाइन ठेवल्यात, पळून गेलेल्या गुलामांच्या. शेकडो आहेत. वय, उंची, अंगावर काय कपडे होते, कुणाच्या गळ्यात धातूचा पट्टा आणि त्यावर मालकाचं नाव, धरून आणणाऱ्याला बक्षीस. बहुतेक सगळे आफ्रिकन वंशाचे, पण थोडे हिंदुस्तानातलेही आहेत. कंपनीच्या साहेबांनी जहाजातून बरोबर आणलेले, बहुतेक पोरं. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, उगाच खोटं कशाला सांगू. १८३३ च्या त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता, आपल्याकडे कायदा व्हायला १८४३ उजाडलं, हे शाळेत कुणी शिकवलं होतं का आपल्याला? मला तरी नाही.

आणि 'आपल्याकडे नव्हताच' म्हणजे काय? पेशव्यांच्या रोजनिश्यांत कुणबिणी आहेत, बटकी आहेत, म्हणजे विकत घेतलेल्या दासी, त्यांच्या खरेदीच्या नोंदी आहेत किमतीसकट. मलिक अंबर हबशी, इथिओपियात जन्मलेला, विकला जात-जात दख्खनेत पोचलेला, त्याचं हाशिम नावाच्या चित्रकाराने काढलेलं चित्र मला कुठे दिसलं तर व्ही अँड ए म्युझियमच्या वेबसाइटवर, औरंगाबाद वसवणारा माणूस लंडनमध्ये, आणि मी घरात अडकलेली, म्युझियमला कुलूप. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना, त्यांना नव्हता पडला संबंधाचा प्रश्न. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, ते मॅसॅच्युसेट्स युनिव्हर्सिटीच्या साइटवर आहे, टाइप केलेलं, कुणीही वाचावं. ग्रुपवर रोज पहाटे सुविचार टाकणाऱ्यांनीही वाचावं.

आता माझ्यातली इथली बाई बोलते, मला कळतंय. बघा, यांनी स्वतःच्या पापाची पावती सुद्धा नीट फाइल करून, इंडेक्स करून, जगाला फुकट दिली, आणि आपण एका पुस्तकावरून २००४ मध्ये पुण्याची भांडारकर संस्था फोडली. हे वाक्य मला फार आवडतं, इथल्या मित्रमंडळींत मी ते टाकतेही. पण मग क्यूचे गुलामांचे रजिस्टर उघडले, दफ्तराचा क्रमांक टी ७१, तर मालकाचं अख्खं नाव, आणि खाली माणसांची यादी, नुसतं एक नाव, वय, रंग, आफ्रिकेत जन्म की बेटावर. सर्च बॉक्समध्ये तुम्ही मालक शोधू शकता, त्या आठ वर्षांच्या पोरीला शोधायला तिचं आडनाव कुठून आणणार. म्हणजे ऑनलाइन आलं तेही मालकाच्याच अंगाने आलं. आणि ज्यांना सगळं जपायची एवढी हौस त्याच सरकारने कॅरिबियनहून आलेल्यांची लँडिंग कार्डं २०१० मध्ये नष्ट केली, पुढे त्याच म्हाताऱ्यांकडे दरेक वर्षाचे पुरावे मागितले, कुणाची नोकरी गेली, कुणाला देशाबाहेर काढलं.

ते 'विंडरश' प्रकरण २०१८ मध्ये बाहेर आलं तेव्हापासून मी एकही कागद फेकलेला नाही. कौन्सिल टॅक्स, जीपीची, म्हणजे डॉक्टरची पत्रं, पहिल्या भाड्याच्या खोलीचा करार, सगळं एका पिशवीत, कपाटाच्या वर. लाल ब्रिटिश पासपोर्ट येऊन वर्षं झाली तरी पिशवी तिथेच. नवरा हसतो. आपण हुशार, आपण डॉक्टर-इंजिनियर, आपलं वेगळं, हे इथले देशी लोक पार्ट्यांमध्ये बोलतात आणि मीही मान डोलावते, पण १८८८ मध्ये इथला पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरीने दादाभाई नौरोजींना जाहीर सभेत 'काळा माणूस' म्हटलं तेव्हा त्याने एल्फिन्स्टनची प्रोफेसरी विचारात घेतली नव्हती. लंडनमधल्या बॅटरसीचे जॉन आर्चर, बाप बार्बाडोसचा, आई आयरिश, १९१३ मध्ये तिथले मेयर झाले आणि १९२२ ला त्यांनी मुंबईच्या शापुरजी सकलातवालांना पार्लमेंटवर निवडून आणायला मदत केली. त्यांना हे सगळं एकाच बाजूचं वाटत होतं.

मामा मोडी वाचतात, रिटायर झाल्यावर वर्ग करून शिकले, आणि मला मोडीतलं एक अक्षर लागत नाही. म्हणजे कुणबिणींच्या मूळ कागदांपर्यंत ते पोचू शकतात, मी नाही, माझ्याकडे फक्त छापलेल्या खंडांचे स्कॅन. हे त्यांना सांगितलं तर त्यांना बरंच वाटेल, म्हणून सांगत नाहीये.

२०२१ मध्ये इथला सेन्सस, म्हणजे जनगणना झाली. फॉर्मवर मी इंडियनच्या चौकटीत टिक केली, आणि ते कागद शंभर वर्षं कुलपात राहतील, मग कुणीतरी उघडून आमच्या रस्त्यावर कोण राहत होतं ते बघेल. पुण्याच्या रेशनकार्डावरून माझं नाव केव्हाच कमी झालंय. अर्ज मीच सही करून पाठवला होता.